फोटोतली थोरली

१२ जानेवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडता कपाटावर टाकलं असतंस, म्हणून पत्ता ऑफिसातल्या यंत्रावर छापून घेतला. सुरुवातच लबाडीने झाली. पण आता उघडलंच आहेस तर दोन मिनिटं वाच.

अकरा वर्षांनी लिहिते आहे, आणि तेही काम पडलं म्हणून. कामापुरता मामा म्हणशील. म्हण. काम असं आहे की आमची मालिका घसरली आहे, लोक बघेनासे झालेत. काल चॅनेलच्या बाई आल्या होत्या. वयाने माझ्या निम्म्या, पण त्या खुर्चीत टेकल्या की आमचे दिग्दर्शक आपोआप उभे राहतात. त्या म्हणाल्या, "काकूंची बहीण परत आणू या." काकू म्हणजे मी. चाळिशी ओलांडली तशी मी अख्ख्या देशाची काकू झाले. आणि बहीण म्हणजे फोटोतली थोरली. म्हणजे तू.

मालिकेत मेलेली माणसं परत येतात यात नवल नाही. आमच्याकडे एक सासरे तीनदा परत आले, तिसऱ्यांदा तर वेगळा चेहरा घेऊन आले. पण बहिणीचं कामही मीच करायचं असं बाईंचं म्हणणं. दुहेरी भूमिका. मी हो म्हटलं तर मालिका अजून दोन वर्षं चालेल. नाही म्हटलं तर मार्चअखेर दिवे बंद. बाकीच्यांना दुसऱ्या सेटवर काम मिळेल. मला त्रेपन्नाव्या वर्षी कोण मुख्य भूमिका देणार? दाराशी उभी राहून "अगंबाई!" म्हणणारी आत्या, तेवढंच उरेल.

विचार करून सांगते म्हणाले. विचार कसला करायचा होता, तुला विचारायचं होतं. मागच्या वेळी विचारलं नाही.

मागच्या वेळचं तुला नीट कुणी सांगितलं नसेल. तेव्हा मी या मालिकेत शेजारीण होते, दिवसाला दोन वाक्यांची. "साखर आहे का?" आणि "येते हं." एकदा शेजारणीच्या खोलीत एक प्रसंग ठरला. भिंत अगदीच उघडी दिसत होती. कलाविभागाचा माणूस म्हणाला, घरून एखादा जुना फोटो आणा. मी आपला सायकलवरचा आणला. तू सायकल चालवते आहेस, मागे कॅरिअरवर मी डोळे मिटून. तू तेरा वर्षांची, मी नऊ. लेखकाने तो पाहिला आणि ठरवून टाकलं की यातली थोरली नदीत बुडून गेली. सहा भाग लिहिले. त्या सहा भागांनी शेजारीण घरात आली आणि मग हळूहळू घरच तिचं झालं. भटाला दिली ओसरी, तसं. मी काय करणार होते ताई? लेखकाच्या मनात आलं, त्याने लिहिलं. दोन वाक्यांची नटी लेखकाला काय सांगणार?

आणि आईच्या वेळी येता आलं नाही ते शूटिंगमुळे. मावशीकडून तुला तेव्हाच कळवलं होतं.

हे पत्र मी सेटवरच्या दिवाणखान्यात बसून लिहिते आहे. या घराला छप्पर नाही. वर नुसते दिवे टांगलेले आहेत आणि खिडकीबाहेर कायम सकाळचे अकरा वाजलेले असतात. नऊ पायऱ्यांचा एक जिना आहे. मी तो चढून वर जाते, वर एक फळी आहे, तिच्यावर उभी राहते आणि "कट" ऐकू आलं की खाली येते. इतकी वर्षं वर जाते आहे, पण वरचा मजला पाहिलेला नाही. या घरात मला जितकी शांत झोप लागते तितकी स्वतःच्या घरी लागत नाही, खरं सांगते.

हो किंवा नाही, एवढंच कळव.

तुझी,
भिंगरी


२९ जानेवारी

ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी ऑफिसातल्या टपालाच्या पेटीत रोज डोकावते आहे.

मी अजून हो म्हटलेलं नाही, पण काल चाचणी घेतली. दुहेरी भूमिका कशी करतात सांगू? आधी मी काकू होऊन बोलते. समोर कुणी नसतं. एक लोखंडी दांडा उभा करतात, त्याला लाल पट्टी चिकटवतात. ते तुझे डोळे. तुझी वाक्यं सहायक दिग्दर्शक वाचतो, रेल्वेची घोषणा करावी तशा आवाजात. "मी, परत, आले, आहे." मग कपडे, केस बदलून मी तू होते, दांडा पलीकडे जातो आणि आता लाल पट्टी म्हणजे मी.

पट्टी किती उंचीवर लावायची म्हणून विचारलं तर मी म्हटलं, माझ्यापेक्षा बरीच वर. लावली. मी बोलायला लागले तर कॅमेरामन हसायलाच लागला. "मॅडम, नजर कुठे चाललीय? बहीण आहे का नारळाचं झाड?" तेव्हा लक्षात आलं, मी तुला कॅरिअरवरून बघत होते. आपण दोघी मोठ्या झाल्यावर तुझी उंची किती होती ते मला आठवेचना. पट्टी चारदा खालीवर केली. शेवटी माझ्याच डोळ्यांच्या रेषेत आणली आणि मग मला एक शब्द बोलता येईना.

मेकअपदादांनी तुझे केस पांढरे करायला घेतले. हे दादा गेली वीस वर्षं माझा चेहरा रंगवत आहेत, माझ्या सुरकुत्या माझ्याआधी त्यांना कळतात. ते म्हणाले, "थोरल्या बाई हसायच्या कशा? तुमच्यासारख्या, का ओठ मिटून?" हसायच्या. मी म्हटलं, ओठ मिटून हसायची. खरं हसू आलं की पदर तोंडाला लावायची. अकरा वर्षं मी या लोकांशी तुझ्याबद्दल अशीच बोलत आले आहे, ताई. करायची, म्हणायची, आवडायचं. जिभेला वळणच पडलंय.

हे लिहायचं नव्हतं. लिहून गेले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सेटवरच्या पलंगावर डोळा लागला. स्वप्नात तू त्या जिन्यावरून खाली आलीस. केस ओले होते आणि तू ते टॉवेलने पुसत होतीस, अगदी घरात राहत असल्यासारखी. म्हणालीस, "वर पुष्कळ खोल्या आहेत गं." मी विचारलं, किती? तू म्हणालीस, "मोजायला कुठे वेळ झाला." मला इतकं बरं वाटलं की जागी झाले तरी मी जिन्याकडे बघत पडून राहिले. खिडकीत अकरा वाजलेले होते. इतक्यात सुतार आला आणि फळीचा खिळा ठोकायला लागला.

मागच्या पत्रात मी लिहिलं की लेखकाने ठरवून टाकलं. ते तितकं बरोबर नाही. त्याने आधी मला विचारलं होतं. पुढच्या पत्रात सांगेन. आज धीर नाही.

भिंगरी


१० फेब्रुवारी

ताई,

ऐक. चहाची सुट्टी होती. फोटो भिंतीवर लागला होता. लेखक कप घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. तोपर्यंत तो माझ्याशी कधी बोलला नव्हता, दोन वाक्यांच्या बाईशी कोण बोलतं? त्याने विचारलं, "ही पुढे बसलेली कोण?"

मी म्हटलं, "माझी थोरली बहीण." आणि त्याने मान हलवली आणि तो वळायला लागला. चालला होता ताई. अजून एक क्षण गेला असता तर तो गेला असता आणि मी जन्मभर साखर मागत राहिले असते. मी त्याच्या पाठीमागून म्हटलं, "ती वारली. मी दहा वर्षांची असताना. नदीत."

तो थांबला. कप खाली ठेवला. खोलीत सगळ्यांनी हातातलं काम सोडलं, दिवेवाल्यांनीसुद्धा. आणि प्रत्येकाने माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षं मी या धंद्यात घासत होते, पण माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. मला थंडी वाजल्यासारखं झालं, आणि आवडलं. ते मला फार आवडलं.

आपलं भांडणही झालेलं नव्हतं. आदल्या रविवारीच तू फोनवर म्हणाली होतीस, दमली असशील, चार दिवस घरी येऊन जा. म्हणजे कसलंही निमित्त नाही. तुझा राग नव्हता, हेवा नव्हता. नुसती हाव होती. आणि तोंडातून निघालेला शब्द गिळता येत नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या युनिटला कळलं. महिन्याभरात एका मुलाखतीत मला विचारलं आणि मी सांगितलं. मग पुढच्या मुलाखतीत थोडं जास्त सांगितलं. नदीला नाव दिलं. तुझ्या पायात कुठल्या चपला होत्या तेही सांगितलं. लोक पत्रं पाठवायचे, ज्यांची माणसं बुडाली होती असे लोक. मी त्यांना उत्तरं लिहिली, ताई, स्वतःच्या हाताने.

तू भाग पाहिलास हे मला मावशीने फोनवर सांगितलं. आई आणि तू शेजारी बसून बघत होतात म्हणाली. त्यानंतर तू माझा फोन उचलला नाहीस. मी तीनदा केला. मग मीही करायचं सोडलं. मनात म्हटलं, बरंच झालं, ती ओरडली असती तर मी काय बोलले असते? भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तो राक्षस मीच घरात आणून बसवला होता.

आता दुहेरी भूमिकेचं विचारते आहे खरं, पण कशाची परवानगी मागते आहे ते माझं मलाच कळेनासं झालंय. चॅनेलच्या बाईंना महिनाअखेरीला उत्तर हवं आहे.

खरं सांगते, हे सगळं मी याआधी कुणालाही सांगितलेलं नाही.

भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरी,

तिन्ही पत्रं मिळाली. छापलेला पत्ता पाहून मला वाटलं विजेच्या बिलाची तक्रार असेल, म्हणून उघडलं.

"खरं सांगते" असं तू पत्रात फार वेळा लिहितेस. वर्गात एखादी मुलगी असं म्हणायला लागली की मी तिची वही तपासायला घेते. गणित शिकवण्यात तीस वर्षं गेली, तेवढं कळतं.

तुला वाटतं मी मालिका बघून रागावले. रागावलेच, पण ते पुष्कळसं निवळलं होतं. आमच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, त्या फोटोतली मुलगी थेट तुमच्यासारखी दिसते हो. मी म्हटलं, चेहऱ्यासारखे चेहरे असतात. तू माझी बहीण आहेस हे मी इथे कुणाला कधी सांगितलं नव्हतं, तुझं नाव झालं की सांगीन म्हणून थांबले होते. नाव झालं तेव्हा सांगायची सोय राहिली नव्हती. तुझं खोटं मी इथे बसून सांभाळलं, एवढं लक्षात ठेव. तुझ्या भावोजींनाही मी शपथ घातली होती.

आईच्या वेळी तू आली नाहीस. शूटिंग आहे असं कळवलंस, मी मान्य केलं. पोटाच्या धंद्याला काय बोलायचं.

तुला एक गोष्ट माहीत नाही. आई गेल्यावर महिन्याने मी तुझ्या स्टुडिओला आले होते. पहाटेची गाडी पकडून आले. फाटकाशी एक वही होती, तिच्यात नाव लिहिलं. कोणाला भेटायचं, तिथे तुझं नाव लिहिलं. नातं, तिथे बहीण. तिथल्या पहारेकऱ्याने ते वाचलं आणि वही मिटली. माणूस सभ्य होता. मला सावलीत बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाला, "बाई, तुमच्यासारख्या महिन्याला दोन-तीन येतात. कुणी मावशी होऊन येतं, कुणी आई. पण मॅडमची बहीण लहानपणीच वारली, शेंबड्या पोरालाही माहीत आहे. असं दुखऱ्या जागी बोट ठेवू नये. घरी जा."

मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं." आणि घरी आले.

भूमिकेचं विचारलंस. मेलेल्या माणसाची परवानगी कोण मागतं? कर किंवा करू नकोस.

ताई


४ मार्च

ताई,

तुझं पत्र मी फळीवर बसून वाचलं, जिन्याच्या वर. तिथे कुणी येत नाही. मग खाली उतरून फाटकाशी गेले.

तो पहारेकरी अजून आहे. आता म्हातारा झालाय, खुर्चीत बसूनच सलाम करतो. मी विचारलं, अकरा वर्षांपूर्वी एक बाई माझी बहीण म्हणून आली होती, आठवते? तो म्हणाला, "कितीतरी यायच्या मॅडम. एकीलाही आत सोडलं नाही." आणि माझ्याकडे असा बघत राहिला, शाबासकीसाठी. काय बोलू? त्याने माझी राखण केली. माझ्या दुःखाला कुणी हात लावू नये म्हणून तो उन्हातान्हात फाटकाशी बसला. मी त्याला म्हटलं, "त्यातली एक खरी होती." त्याला कळलं नाही. त्याला वाटलं माझी तब्येत बरी नाही, त्याने मला पाणी दिलं. त्याच सावलीत बसून मी ते प्यायले.

आता आईचं. शूटिंग नव्हतं, ताई. तू मान्य केलंस आणि मी ते चालवून घेतलं. आई गेल्याचा फोन आला तेव्हा दिग्दर्शकांनी दोन दिवस काम बंद ठेवलं. गाडी दाराशी लावली. आणि सगळे निघाले. मेकअपदादा, लेखक, दिवेवाले, कपडेपटाच्या मावशी, सगळे म्हणाले, तुम्हाला एकटीला कसं जाऊ द्यायचं? दोन गाड्या भरून माणसं माझ्याबरोबर घरी येणार होती. आणि घरी दार कोण उघडणार होतं? तू. मी गाडीचं दार धरून उभी राहिले आणि म्हटलं, नको, आई सांगून गेली आहे की मला शेवटचं बघू नकोस. हे वाक्य कुठून सुचलं कुणास ठाऊक. त्यावरही सगळे रडले. मग मी दोन दिवस घरात बसून राहिले, पडदे लावून. आपली आई गेली होती आणि मी बसून होते, कारण तू जिवंत होतीस.

यापेक्षा वाईट माझ्याजवळ दुसरं काही नाही. तळ लागला.

परवा युनिटला सांगितलं. सगळ्यांना एकदम सांगावं असं ठरवलं होतं, भाषणासारखं, पण तो पुन्हा एक प्रसंगच झाला असता. म्हणून आधी मेकअपदादांना सांगितलं, आरशासमोर बसून, डोळे मिटलेले असताना. त्यांचा हात थांबला. म्हणाले, "माझी बहीण दर सुट्टीला आमच्याकडे येते. अकरा वर्षांत मी तुमच्यासमोर तिचा विषय काढला नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. ती माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली आहे हो, तिला तिसरी नात झाली तेव्हाही मी तुम्हाला पेढा... काही दिलं नाही." आणि त्यांनी ब्रश पुसला आणि बाहेर निघून गेले. अर्धा चेहरा रंगवून. वीस वर्षांत पहिल्यांदा उरलेला अर्धा मी स्वतः रंगवला.

लेखकाला सांगितलं तर तो खुर्चीत बसला. "ते सहा भाग मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं काम आहे," म्हणाला. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मी ते लिहिताना रडत होतो." मी म्हटलं, माफ करा. त्यावर तो असा उठून माझ्याकडे आला की मला वाटलं आता मारतोय. मग त्याने हळूच विचारलं, "यावर लिहिलं तर चालेल का?" लेखक म्हणजे चमत्कारिक जमात. मी म्हटलं, ताईला विचारा, माझ्या हातात नाही.

चॅनेलच्या बाईंना फोनवर दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या. बहीण जिवंत आहे, आणि तिचं काम मी करणार नाही. त्यांनी पहिल्या गोष्टीबद्दल म्हटलं, हे बाहेर जाऊ देऊ नका. दुसऱ्या गोष्टीबद्दल म्हटलं, मग एकतीस मार्च. मी म्हटलं, बाहेर जाईल, कारण पुढच्या मुलाखतीत मी सांगणार आहे. ज्या लोकांनी मला पत्रं लिहिली होती त्यांना कळायला हवं. त्या रागावतील. रागावू देत.

सेटवर आता कुणी माझ्याशी फारसं बोलत नाही. चहा येतो, पण कप समोर ठेवून माणूस निघून जातो. हे मला बरोबर वाटतं. आणि गंमत म्हणजे मला या घरात आता झोप येत नाही. दुपारी पलंगावर पडले की वर दिवे दिसतात, तारा दिसतात. पूर्वी त्या जागी मला छप्पर दिसायचं.

एकतीसला घर मोडतील. सुतार म्हणाला, सोमवारपर्यंत इथे इस्पितळ उभं राहील, दुसऱ्या मालिकेचं. जिन्याचं काय करणार विचारलं तर म्हणाला, "इस्पितळाला पण जिना लागतोच की."

तू आलीस आणि परत गेलीस. मी तेव्हा आत होते ताई. फाटकापासून शंभर पावलांवर. बहुतेक तुझ्यासाठीच रडत असेन, कॅमेऱ्यासमोर.

मला क्षमा कर असं मी लिहिणार नाही. तो अधिकार मी फाटकाशीच गमावला. मला फक्त तुझ्याकडे यायचं आहे. एकटी येईन. तू दार लावलंस तर जिन्यात बसेन, तुझ्या खऱ्या जिन्यात, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. येऊ का, एवढं सांग.

भिंगरी


२५ मार्च

भिंगरी,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. परीक्षा होत्या, हे एक कारण. दुसरं, तुझं आईबद्दलचं वाचलं आणि पत्र हातात धरवेना. पीठ मळत होते ते तसंच टाकून गच्चीवर जाऊन बसले. भावोजी दोनदा बोलवायला आले. मला तुझ्या तोंडात मारावंसं वाटलं. अजूनही वाटतं. समोर आलीस तर मारीनही, तेवढी तयारी ठेवून ये.

तुझी मुलाखत पाहिली. शाळेतल्या त्या बाईंनीही पाहिली असावी. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मी म्हटलं, हो, मीच ती. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्हाला बघून फार बरं वाटलं." आम्ही रोज भेटतो. तरी मलाही बरं वाटलं.

तू एवढं सगळं लिहिलंस, पण मी फाटकाशी कशाला आले होते ते विचारलं नाहीस. भांडायला आले असं तू धरून चाललीस. तुझं नेहमीचंच, गोष्टीत दुसरं माणूस असतं पण त्याला वाक्यं नसतात.

तो भाग आम्ही दोघींनी पाहिला. तू पडद्यावर माझ्यासाठी रडत होतीस. मी टीव्ही बंद करायला उठले तर आईने माझा हात धरला. म्हणाली, "बस. हे खोटं रडणं नाही. लहानपणी खोटं रडायची तेव्हा ती एक डोळा उघडा ठेवायची, कोण बघतंय ते बघायला. आता दोन्ही मिटलेत." मी म्हटलं, आई, तिने मला मारून टाकलं आणि तू तिचंच कौतुक सांगतेस? ती म्हणाली, "तू जा आणि तिला सांगून ये, तू आहेस म्हणून." मी म्हटलं, तिला माहीत आहे मी आहे. त्यावर आई म्हणाली, "माहीत असतं तर अशी रडली असती का?"

मी गेले नाही. आई पुढे सात महिने होती, अधूनमधून विचारायची, गेलीस का? सांगितलंस का? मी म्हणायचे, जाईन गं. माझा ताठा मोडेना. ती गेल्यावर निरोप पोचवायला आले आणि त्या माणसाने घरी जा म्हटल्यावर मुकाट्याने परत फिरले. तुला वाटतं त्याने मला अडवलं. तसं काही नाही. मी वही परत मागू शकले असते, आवाज चढवू शकले असते. चाळीस मुलांच्या वर्गाला गप्प करणारी बाई मी. पण मला तेव्हा वाटलं, बरं झालं, आता तूच दोषी राहशील आणि मी मोकळी. तेव्हा त्या वहीत जे झालं त्यात थोडं माझंही आहे.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. दुपारी ये. एकटी कशाला, तेव्हा ज्यांना गाडीतून उतरवलंस त्या सगळ्यांना घेऊन ये. मेकअप करणाऱ्या त्या दादांना तर आणच, मला त्यांच्या बहिणीबद्दल विचारायचं आहे. दार मी उघडीन.

आणि आईचा निरोप तोंडाने सांगायला मला जमणार नाही, म्हणून इथेच लिहिते. अकरा वर्षं उशीर झाला.

मी आहे.

ताई